पत्रक छापण्याआधी पत्रकांचा अभ्यास

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यापारात माल चांगला असणे जितके जरुरीचे, तितकेच तो चांगला असल्याची खबर योग्य माणसापर्यंत पोहोचणेही जरुरीचे आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे उत्तम कापड विणले जाते. परंतु पन्नास-साठ मैलांवरील तालुक्याच्या गावातील दुकानदाराला ते कापड कोणत्या पेढीचे आहे याचा पत्ता नसतो. तो ओळखतो फक्त मधल्या माणसाला. अशा वेळी छोट्या व्यापाऱ्याला परवडणारे एक साधन म्हणजे डायरेक्ट मेल, अर्थात टपालाने थेट दुकानदाराच्या हाती जाणारे पत्रक.

आमच्या लाइनीतील बरेच व्यापारी बंधू हे साधन एकदा वापरतात आणि कायमचे सोडून देतात. याचे कारण बहुधा पत्रकात नसून पत्रक तयार करण्याच्या पद्धतीत असते. हंगाम तोंडावर आला की मालक छापखान्यात जातो आणि म्हणतो, ‘‘काहीतरी छान डिझाइन करून द्या.’’ छापखानेवाल्याकडे आदल्या आठवड्यात केलेले मिठाईच्या दुकानाचे डिझाइन तयार असते. त्यात नाव बदलले जाते, कोपऱ्यात फुले येतात, मध्ये सूट घातलेल्या तरुणाचे चित्र येते, आणि हजारो पत्रके रवाना होतात. किती जणांनी वाचले, किती जणांनी फोन केला, याची नोंद कोणी ठेवत नाही. शेवटी निष्कर्ष काढला जातो की पत्रकाने काही होत नाही. हंगामाचे भांडवल तर गेलेच, शिवाय दुकानदारापर्यंत पोहोचण्याचा एक रस्ताही बंद झाला. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे.

कापड खरेदी करताना आम्ही ताका उलगडून पाहतो, पन्ना मोजतो, धागा ओढून पाहतो. मग पत्रकाची खरेदी डोळे मिटून का करावी? छापण्याआधी दुसऱ्यांच्या पत्रकांचा अभ्यास करावा, त्यावरून आपले पत्रक बांधावे, थोड्या प्रतींवर त्याची परीक्षा घ्यावी आणि मगच मोठी छपाई करावी. या लेखात हा क्रम आम्ही पायरीपायरीने मांडत आहोत.

मोबाइलच्या जमान्यात कागद कशाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. मोबाइलवर संदेश जवळपास फुकट जातो हे खरे आहे. पण तो जितक्या सहज जातो, तितक्याच सहज शंभर संदेशांखाली गाडला जातो. दुसरी गोष्ट आपल्या मालाची आहे. कापड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहिल्याशिवाय दुकानदार भाव बोलत नाही. मोबाइलच्या काचेवर कापड चोळता येत नाही. टपालाच्या पाकिटातून मात्र कापडाचा तुकडा पाठवता येतो. म्हणून कागद आणि मोबाइल यांना एकमेकांचे शत्रू मानू नये. कागदाने नमुना पोहोचवावा, मोबाइलने ऑर्डर घ्यावी.

एका पानावर उभा राहिलेला धंदा

या विषयाचा अभ्यास अमेरिकेतील अॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांच्यापासून सुरू करावा असे आम्हाला वाटते, कारण हा मनुष्य मुळात आपल्याच लाइनीचा होता. कापड आणि तत्सम माल विकणाऱ्या पेढ्यांचा फिरता विक्रेता म्हणून तो खेडोपाडी हिंडत असे. खेड्यातील शेतकऱ्याला गावच्या दुकानात महाग भाव द्यावा लागतो आणि मालाची निवडही मिळत नाही, हे त्याने पाहिले. १८७२ साली शिकागोहून त्याने एक यादी काढली. ती फक्त एका कागदाची होती आणि तीत १६३ वस्तू व त्यांचे भाव दिलेले होते. ऑर्डर कशी पाठवावी हेही त्यात सांगितले होते. पुढे १८७५ साली त्याने माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी जाहीर केली. त्या एका पानातून पुढे मोठा धंदा उभा राहिला.

त्या कागदात सजावट नव्हती. त्यात वाचणाऱ्याच्या मनातील प्रश्नांची उत्तरे होती. काय मिळेल, केवढ्याला मिळेल, मागवायचे कसे आणि फसलो तर काय? आजचे कोणतेही पत्रक हातात घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरे शोधा. अर्ध्याहून अधिक पत्रकांत चारही उत्तरे सापडणार नाहीत, हे प्रत्येकाने स्वतः करून पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी : पत्रके गोळा करणे

हंगामाच्या निदान चार महिने आधी एक रिकामी पेटी घ्यावी आणि हाती येणारे प्रत्येक पत्रक तीत टाकावे. वर्तमानपत्रातून येणारी, बँकेची, विम्याची, शिकवणी वर्गांची, बियाणे-खतांची, सगळी चालतील. फक्त कापडाची गोळा केली तर आपण आपल्याच लाइनीची नक्कल करत बसू. परगावच्या ओळखीच्या दुकानदारांना सांगून ठेवावे की टपालाने आलेले कागद फेकू नका, आमच्यासाठी ठेवा. रद्दीवाल्याकडेही चांगला साठा मिळतो. दीडशे-दोनशे कागद जमले की अभ्यासाला पुरेसे झाले.

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात. कोणत्या तारखेला मिळाला, कसा मिळाला आणि हाच मजकूर याआधी किती वेळा आला. तिसरी नोंद सर्वांत किमती आहे. पत्रकाला खर्च येतो. जो व्यापारी उत्तरांचा हिशेब ठेवतो, तो तोट्याचे पत्रक दुसऱ्यांदा पाठवत नाही. म्हणून जे पत्रक त्याच रूपात वारंवार येते, ते बहुधा पैसे मिळवून देणारे असते. अमेरिकेत डेनी हॅच यांनी १९८४ साली याच सूत्रावर एक वार्तापत्र सुरू केले. कोण काय टपालाने पाठवत आहे याची ते पद्धतशीर नोंद ठेवत आणि वर्षानुवर्षे पुन्हा येणाऱ्या पाकिटांना वेगळे काढत.

याचे मोठे उदाहरण म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वर्तमानपत्राचे वर्गणीपत्र. मार्टिन कॉन्रॉय यांनी लिहिलेले हे पत्र १९७५ पासून २००३ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, वाचकांना जात राहिले. एकाच कॉलेजातून एकाच वेळी बाहेर पडलेल्या दोन तरुणांची ती साधी हकीकत होती. दोन पानांचे पत्र, चित्र नाही, रंगांची उधळण नाही. अधूनमधून नवनवीन पत्रे त्याच्या मुकाबल्याला उतरवली जात, पण इतकी वर्षे ते हटले नाही. छपाईचा थाट आणि पत्रकाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

येथे एक सावधगिरी हवी. मोठ्या कंपन्या केवळ नाव डोळ्यासमोर राहावे म्हणूनही पत्रके वाटतात. त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. छोट्या व्यापाऱ्याने अशा पत्रकांची नक्कल करू नये. ज्या पत्रकात कूपन आहे, खुणेचा आकडा आहे, अमुक तारखेपर्यंत फोन करा असे सांगितले आहे, तीच आपली खरी पाठ्यपुस्तके समजावीत.

दुसरी पायरी : वहीत उतरवणे

पेटी भरली म्हणजे अभ्यास झाला असे नाही. एका लांब वहीत रकाने आखावेत आणि प्रत्येक पत्रक त्यात उतरवावे. आमच्या मते एवढे रकाने पुरेत :

१. पत्रक कोणाला उद्देशून आहे? सर्वांना, की एका ठरावीक गिऱ्हाइकाला?
२. मथळा कोणाबद्दल बोलतो? विकणाऱ्याबद्दल, की घेणाऱ्याबद्दल?
३. भाव दिला आहे काय?
४. पुरावा कोणता? नमुना, मोजमाप, हमी, की नुसते ‘उत्तम’, ‘दर्जेदार’ असे शब्द?
५. वाचणाऱ्याने नेमके काय करायचे हे सांगितले आहे काय?
६. मुदत आहे काय?
७. कागदाचा आकार, घडी, अंदाजे वजन.
८. भाषा आणि लिपी.
९. किती वेळा आले?

पन्नास-साठ पत्रके उतरली की वही आपोआप बोलू लागते. मथळ्याचा रकाना विशेष लक्ष देऊन पाहावा. ‘आमच्या पेढीची गौरवशाली परंपरा’ असा मथळा मालकाला गोड लागतो. पण दुकानदाराला स्वतःच्या गल्ल्याची काळजी असते. ‘शाळेच्या गणवेशाचे कापड, धुतल्यावर न आटणारे, नमुना सोबत’ हा मथळा त्याच्या कामाचा आहे. अर्थात हे लिहायचे तर कापड खरोखर धुऊन पाहिलेले असले पाहिजे. वार-दीड वार कापड मोजून घ्यावे, तीन वेळा धुऊन वाळवावे, पुन्हा मोजावे आणि जो आकडा निघेल तो पत्रकात द्यावा. असा एक आकडा दहा विशेषणांवर भारी पडतो.

तिसरी पायरी : वजन आणि नमुना

टपालाचा खर्च वजनावर चालतो, म्हणून डिझाइनची सुरुवात तराजूपासून करावी. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. ए-फोर आकाराचा कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा झाला. १३० जीएसएमचा आर्ट पेपर घेतला तर तोच कागद ८ ग्रॅमच्या किंचित वर जातो. ए-फोरच्या तीन समान घड्या केल्या की ११० बाय २२० मिलिमीटरच्या लांब पाकिटात तो नीट बसतो. पाकिटाचे वजन साधारण ५ ग्रॅम धरावे.

आता कापडाचा हिशेब. २५० जीएसएमच्या सुटिंगचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा सुमारे ०.६ ग्रॅम भरतो. १२० जीएसएमच्या शर्टिंगचा तेवढाच तुकडा ०.३ ग्रॅम. म्हणजे ८० जीएसएमचा कागद, पाकीट आणि सुटिंगचे चार नमुने मिळून साडेबारा ग्रॅमच्या आत राहतात. आर्ट पेपर वापरला तरी सोळा ग्रॅमपर्यंतच जाते. २० ग्रॅमच्या मर्यादेत भरपूर जागा शिल्लक आहे. थानाच्या कडेचे तुकडे नाहीतरी वाया जातात, त्यांचा येथे उपयोग होतो. मात्र तुकडे झिगझॅग कात्रीने कापावेत, म्हणजे धागे सुटत नाहीत. ते एकाच कडेवर चिकटवावेत, म्हणजे दुकानदाराला उलटी बाजूही पाहता येते. पाकीट फुगणार नाही याची खात्री करावी आणि छपाईआधी एक पूर्ण पाकीट तराजूवर ठेवावे.

नमुन्याचा आणखी एक फायदा आहे. छापील रंग आणि कापडाचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाहीत. नेव्ही ब्ल्यू छापला की काळपट दिसतो, मेहंदी रंग भलताच उतरतो, आणि माल पोहोचल्यावर वाद होतो. खराखुरा तुकडा चिकटवला की रंगीत फोटोची गरजच उरत नाही, आणि एका शाईत छापून भागते. प्रत्येक तुकड्याखाली नंबर, पन्ना, मीटरचा भाव आणि किती रंगांत उपलब्ध आहे एवढे छापावे. म्हणजे पत्रकच शेड कार्ड बनते, आणि शेड कार्ड सहसा कोणी दुकानदार फेकत नाही.

चौथी पायरी : लिपी आणि घडी

आपल्या भागातील बऱ्याच व्यापाऱ्यांचे गिऱ्हाईक मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा वाचणारे आहे. दोन भाषांच्या पत्रकात एक बाब हमखास विसरली जाते. मराठी डावीकडून उजवीकडे वाचली जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. त्यामुळे वाचकाचा हातही घडी वेगळ्या बाजूने उघडतो. मराठी पत्रकाचे पहिले पान जेथे असते, तेथे उर्दू वाचणाऱ्याला शेवटचे पान दिसते. दोन्ही मजकूर एकाच बाजूवर ओळीआड ओळ छापले तर दोघांनाही त्रास होतो. त्यापेक्षा कागदाची एक बाजू संपूर्ण मराठीला आणि दुसरी संपूर्ण उर्दूला द्यावी. दोन्हीकडे मथळा, भाव, फोन नंबर पूर्ण असावा, आणि नमुने अशा पट्टीवर यावेत की दोन्ही बाजूंनी हाताला लागतील. यादीत दुकानदारांच्या भाषेची नोंद असेल तर दोन स्वतंत्र पत्रके काढणे सर्वांत चांगले.

उर्दूच्या नस्तालीक लिपीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते. मराठीच्या मापाने जागा दिली तर नुक्ते आणि वरची-खालची अक्षरे एकमेकांत अडकतात. म्हणून तोच मजकूर उर्दूत जास्त जागा घेईल हे धरून चालावे. उर्दूचा टाइप बारीक करण्यापेक्षा मजकूर कमी करावा. दोन्ही भाषांत गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे टाळावीत. दुकानदार पत्रक वाचतो ते गिऱ्हाइकाच्या गर्दीत, बहुधा चाळिशीच्या चष्म्यातून, हेही विसरू नये.

पाचवी पायरी : लोकांना दाखवणे, पण मत न विचारणे

कच्चे पत्रक तयार झाले की घरच्यांना व मित्रांना दाखवण्याची आपली रीत आहे. त्याचा उपयोग फारसा होत नाही. आपल्याकडे मुरव्वत मोठी. ‘‘कसे वाटले?’’ असे विचारल्यावर ‘‘माशाअल्लाह, फारच छान’’ हेच उत्तर मिळणार.

त्याऐवजी ज्यांना माल विकायचा आहे अशा पाच-सहा दुकानदारांकडे जावे. आपले पत्रक इतर चार-पाच पत्रकांच्या गठ्ठ्यात मिसळून द्यावे आणि कोणते आपले हे सांगू नये. त्यांनी प्रथम कोणते उचलले, कोठे थांबले, काय उलटून पाहिले हे गुपचूप बघावे. मग आपले पत्रक त्यांच्या हाती देऊन मनात दहा आकडे मोजावेत आणि परत घ्यावे. नंतर तीनच प्रश्न विचारावेत. कोण विकत आहे? काय विकत आहे? हवे असेल तर काय करायचे? पाचांपैकी दोघे जरी अडखळले तरी दोष पत्रकाचा, वाचणाऱ्याचा नव्हे. मजकूर सुधारावा आणि दुसऱ्या पाच जणांकडे जावे. या कामाला एक दुपार लागते आणि खर्च चहाचा होतो.

सहावी पायरी : दोन पत्रकांची परीक्षा

आता खरी परीक्षा. अमेरिकेतील जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य विचार असा की जाहिरात ही छापील विक्रेता आहे, आणि विक्रेत्याप्रमाणेच तिचा हिशेब झाला पाहिजे. ते कूपनांवर खुणा छापत आणि कोणत्या जाहिरातीने किती उत्तरे आणली हे मोजत. तीच रीत आपल्याला आज वापरता येते.

पत्रकाचे दोन प्रकार करावेत, आणि दोघांत एकच फरक ठेवावा. उदाहरणार्थ, एकात कापडाचा नमुना, दुसऱ्यात रंगीत फोटो. बाकी मजकूर, भाव, मुदत तीच. एकावर ‘क’ आणि दुसऱ्यावर ‘ख’ अशी खूण छापावी आणि ‘फोन करताना पत्रकावरील अक्षर सांगा’ अशी ओळ ठळक टाकावी. फोन घेणाऱ्या मुलाने ते अक्षर वहीत लिहिलेच पाहिजे. ही एक शिस्त मोडली तर बाकी सर्व मेहनत पाण्यात जाते.

यादीची वाटणी कशी करावी? एका गावाला ‘क’ आणि दुसऱ्या गावाला ‘ख’ असे कदापि करू नये. एका गावात बाजार तेजीत असेल, दुसऱ्यात मंदीत, आणि श्रेय मात्र पत्रकाला जाईल. यादी पिनकोडनुसार लावावी आणि एकाआड एक नाव ‘क’ व ‘ख’मध्ये टाकावे. म्हणजे प्रत्येक भागातील निम्मी नावे दोन्हीकडे येतात. या पिनकोडचे ऋण व्यापाऱ्यांवर मोठे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने घडवली. पहिला आकडा टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. भिवंडीचा ४२१३०२, मालेगावचा ४२३२०३, इचलकरंजीचा ४१६११५. तिघांचा पहिला आकडा ४ का, हे आता वाचकांच्या लक्षात येईल. पाकिटावर आपला पत्ताही छापावा, म्हणजे न पोहोचलेली पाकिटे परत येतात आणि त्यावरून यादी साफ करता येते.

समजा, दोन्ही प्रकारची प्रत्येकी ५०० पत्रके गेली. ‘क’वरून १५ चौकशा आल्या आणि ‘ख’वरून १०. ‘क’ जिंकले असे म्हणावे काय? घाई करू नये. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. एक सोपा ठोकताळा आहे. दोन्हींची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि दुप्पट करावे. फरक त्याहून मोठा असेल तरच भरवसा ठेवावा. १५ आणि १० मिळून २५, वर्गमूळ ५, दुप्पट १०. फरक फक्त ५ आहे, म्हणजे निकाल लागला नाही. पण ‘क’वरून २५ आणि ‘ख’वरून ११ आल्या असत्या तर बेरीज ३६, वर्गमूळ ६, दुप्पट १२. फरक १४, म्हणजे ‘क’ खरोखर सरस आहे असे मानायला हरकत नाही. दोन्ही प्रकारची पत्रके सारख्या संख्येने पाठवली असतील तरच हा हिशेब लागू पडतो.

यातून छोट्या व्यापाऱ्याने एक शिकावे. आपली यादी लहान असते, म्हणून बारीकसारीक फरक आपल्याला कधीच मोजता येणार नाहीत. मथळा निळा की लाल, यावर परीक्षा वाया घालवू नये. नमुना की फोटो, भाव छापावा की नाही, पहिल्या ऑर्डरला माल परत घेण्याची हमी द्यावी की नाही, अशा मोठ्या गोष्टींचीच परीक्षा घ्यावी.

नफ्याचा आकडा आधी काढावा

परीक्षेत जिंकलेले पत्रकही तोट्याचे असू शकते. म्हणून हिशेब आधी मांडावा. भाव गावोगावी वेगळे असल्याने खालील आकडे केवळ उदाहरणासाठी समजावेत. छपाई, पाकीट, नमुना चिकटवण्याची मजुरी आणि टपाल मिळून एका पत्रकाला १२ रुपये पडले. हजार पत्रकांचे १२,००० रुपये झाले. दुकानदाराच्या पहिल्या ऑर्डरमध्ये पत्रकाचा खर्च वगळता ४८० रुपये सुटतात असे धरू. १२,००० भागिले ४८०, म्हणजे २५. हजारात २५ ऑर्डर आल्या तर खर्च भरून निघतो. त्यापेक्षा कमी आल्या तर पहिल्या फेरीत तोटा आहे. तोच दुकानदार पुढे वर्षातून तीन वेळा माल नेत असेल तर गणित बदलते. म्हणून पत्रकाने आणलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यावर ‘क’ किंवा ‘ख’ची खूण कायम ठेवावी आणि वर्षअखेरीस पुन्हा पाहावे. चौकशा जास्त आणणारे पत्रक आणि टिकाऊ गिऱ्हाईक आणणारे पत्रक ही नेहमी एकच असतील असे नाही.

कायदा आणि शब्द

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२२ साली केंद्र सरकारने यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पुरेसा माल नसताना स्वस्त भाव दाखवून गिऱ्हाईक ओढणे त्यांना मंजूर नाही. अटी ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत द्याव्या लागतात. म्हणजे दावा मराठीत मोठा आणि ‘अटी लागू’ इंग्रजीत बारीक, ही चाल बंद. नावांच्या यादीबाबतही सभ्यता पाळावी. ज्याने पत्रक नको असे कळवले, त्याचे नाव त्याच दिवशी खोडावे.

कायद्याच्या पलीकडे साधा व्यवहार आहे. पत्रकावर चिकटवलेला तुकडा हा आपला शब्द आहे. माल त्या तुकड्याबरहुकूम उतरला तर दुसरी ऑर्डर न मागता येते. उतरला नाही तर तोच तुकडा दुकानदार आपल्या दलालाला दाखवतो, आणि मग सुंदर पत्रकही काही करू शकत नाही.

ज्यांना येत्या हंगामासाठी पत्रक काढायचे आहे, त्यांनी वेळेची वाटणी अशी करावी. पहिले दोन महिने पत्रके गोळा करून वही भरावी. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कच्चे पत्रक दुकानदारांना दाखवून सुधारावे आणि दुसऱ्या पंधरवड्यात दोन प्रकारची थोडी पत्रके टपालात टाकावीत. चौथ्या महिन्यात उत्तरे मोजून जे जिंकले ते मोठ्या संख्येने छापावे. छापखान्यात जाताना हातात ती वही असावी. मग छापखानेवाला ‘कोणते डिझाइन करू?’ असे विचारणार नाही. काय छापायचे ते आपण त्याला सांगू.